वाढल्या

माणसाचा चेहरा मी विसरते, मनगट विसरत नाही. बुऱ्हाणपूरच्या इतवाऱ्यात आमचं बांगड्यांचं दुकान आहे आणि सासूबाईंच्या मागं तीस-बत्तीस वर्षं तिथल्या पाटावर मीच बसते. बाई दुकानात शिरली की आधी तिचा हात दिसतो, मग ती. अडीचवाली आली, पावणेतीनवाली आज घुश्शात दिसते, असं बांगडीच्या मापावरून मी मनात म्हणते. सून वर्षा म्हणते की तुम्ही मनात म्हणता ते दुकानाबाहेर ऐकू येतं. वर्षाला मी फारसं मनावर घेत नाही.

निंबोल्याच्या आशाबाईची सून प्रतिभा म्हणजे सव्वादोन. तिला आई नाही, वडील कागदाच्या मिलमध्ये, त्यामुळं पहिलं बाळंतपणही सासरीच करायचं ठरलेलं. सातव्या महिन्यात ओटीभरणाला मी पेटी घेऊन त्यांच्या घरी गेले आणि हिरव्या एकवीस बांगड्या भरल्या. एका हातात दहा, दुसऱ्यात अकरा. इतकं मऊ मनगट की साबणाचा हातसुद्धा लावावा लागला नाही आणि एकही बांगडी वाढली नाही.

वाढली म्हणजे काय, ते सांगून ठेवते, कारण पुढचा सगळा गोंधळ याच शब्दानं केला. आमच्या तोंडून बांगडी कधी फुटत नाही, ती वाढते. मंगळसूत्र तुटलं तरी ते वाढलं. आमच्या इथले हिंदीवाले तर दुकानसुद्धा बंद करत नाहीत, 'बढ़ा देते हैं'. अभद्र तोंडातून काढायचं नाही, एवढंच. गरोदर बाईच्या हिरव्या बांगड्यांबद्दल तर ते दुसरं अक्षर मी स्वप्नातही उच्चारलं नव्हतं.

नववा लागला तेव्हा आशाबाई स्वतःसाठी बांगड्या घ्यायला दुकानात आल्या, प्रतिभाला बरोबर घेऊन. आशाबाई म्हणजे नेसलेल्या लुगड्यापासून बोलण्यापर्यंत सगळं कडक. प्रतिभा स्टुलावर बसली, तिनं पदर सावरला आणि मला कसंसंच झालं. आधी कळेना का. मग लक्षात आलं की एकवीस बांगड्या हातात असून बाईचा हात वाजला नव्हता.

मी तिचा हात ओढून मांडीवर घेतला. बांगड्या मनगटात रुतून बसल्या होत्या. अंगठ्यानं दाबून पाहिलं तर खळगा पडला तो पडलाच, भरून येईना. आशाबाई म्हणाल्या की पाय तर महिन्याभरापासून सुजलेत, पोरगा असला की सूज येते, त्यांच्या किरणच्या वेळी त्यांना चप्पल होत नव्हती. मी म्हटलं पायाचं मला माहीत नाही, पायात मी बांगड्या भरत नाही. पण सव्वादोनचा हात दोन महिन्यांत अडीचच्या वर जातो, चेहरा फुगतो, हे काही पोराचं काम नाही. डोकं दुखतं का विचारलं तर पोरगी सासूकडं बघून हळूच म्हणाली, दोन दिवस झाले, आणि मधूनच डोळ्यांपुढं काजवे चमकतात.

यावर आशाबाईंचं आणि माझं चांगलंच वाजलं. त्या म्हणाल्या, कासारणीनं बांगड्या भराव्यात, डॉक्टरकी करू नये. मी म्हटलं, तुमच्या सुनेचा हात माझ्या हाती आहे, मी सोडत नाही. शेवटी वर्षाला पाटावर बसवून मीच रिक्षा थांबवली आणि दोघींना दवाखान्यात नेलं. प्रेशर एकशे साठावर एकशे दहा निघालं. लघवीतून प्रथिनं जात होती. रक्तातल्या प्लेटलेट, ज्या रक्त गोठवायचं काम करतात, त्या दीड लाखाच्या वर पाहिजेत, त्या ब्याण्णव हजार होत्या.

निशा मॅडम म्हणून डॉक्टर आहेत, वयानं माझ्या वर्षाएवढ्या, पण बोलणं स्वच्छ. त्यांनी आम्हाला बसवून सांगितलं की हा गरोदरपणातला प्रेशरचा आजार आहे, यात बाईला झटके येऊ शकतात, आणि बाळ बाहेर येईपर्यंत तो हटत नाही. दिवस भरत आलेत, तेव्हा प्रेशर आटोक्यात आणू, झटके येऊ नयेत म्हणून इंजेक्शन देऊ आणि उद्या बाळाला काढू. अजून दोन दिवस घरी काढले असते तर काय झालं असतं ते सांगता येत नाही, हेही त्या म्हणाल्या. आशाबाईंनी माझ्याकडं पाहिलं नाही, पण माझा हात धरून ठेवला. मी काय सांगू, मला भारी अभिमान वाटला. संध्याकाळपर्यंत अर्ध्या इतवाऱ्याला कळलं होतं की मथुराबाईनं मनगट बघून आजार ओळखला. उरलेल्या अर्ध्याला मी दुसऱ्या दिवशी सकाळी सांगितलं.

गर्वाचं घर खाली म्हणतात. माझं दुपारीच खाली आलं.

सकाळच्या तपासणीत प्लेटलेट अठ्ठ्याहत्तर हजारांवर उतरल्या होत्या. प्रतिभाचा रक्तगट ओ निगेटिव्ह, शंभरात एखाद्याचा. रक्तपेढीत त्याची एकच पिशवी होती. मॅडम म्हणाल्या, त्याच गटाचा माणूस हाताशी ठेवा, दुपारचा रिपोर्ट बघून त्याचं रक्त घ्यायचं का ठरवू. प्लेटलेट आणखी पडल्या तर दुसऱ्या पिशवीशिवाय मी हात लावणार नाही. किरणनं, म्हणजे प्रतिभाच्या नवऱ्यानं, सगळ्या गणगोताला फोन लावले. असीरगढच्या पायथ्याचा भाईदास त्या गटाचा निघाला. आशाबाईंच्या चुलत भावाचा मुलगा तो, केळीचा बागाईतदार, अंगानं दणकट. मोटारसायकल मारत दहा वाजता हजर झाला आणि खाली रक्तपेढीच्या बाकावर बसला. त्याच्या मळ्यात केळीची गाडी भरायला यायची होती म्हणून सारखा घड्याळ बघत होता, पण उठला नाही. मी इतवाऱ्यातली बांगडीवाली हे कळल्यावर त्यानं विचारलं की बायकोसाठी बांगड्या न्यायच्या आहेत, माप कसं सांगायचं. मी म्हटलं जुनी बांगडी आण. तो म्हणाला आणली असती तर विचारलं असतं का. मग दोन्ही हातांच्या बोटांनी हवेत एक गोल करून दाखवला, त्यात खरबूज मावलं असतं.

किरण बिचारा खाली-वर करत होता. जो भेटेल त्याला प्लेटलेटचं एकच विचारायचा, वाढल्या का? नर्सला, वॉर्डबॉयला, एकदा तर दुसऱ्याच कुणाच्या नातेवाइकाला. आशाबाईंनी घरून पपईच्या पानांचा रस बाटलीत भरून आणला होता, डेंगूत देतात तसा. दारापर्यंत आल्या आणि त्यांना आठवलं की पपई गरोदर बाईला चालत नाही म्हणून नऊ महिने त्यांनीच अंगणातल्या झाडाकडं सुनेला फिरकू दिलं नव्हतं. मग ती बाटली ना देववे ना टाकववे, अशा मांडीवर घेऊन बसल्या. मॅडमनी येता-जाता ती काढून घेतली.

एक वाजता नर्स बाहेर आली आणि म्हणाली, बांगड्या काढा. हात सुजलाय, सलाइनची जागा मिळत नाही, ऑपरेशनला काच चालत नाही. आशाबाई उठल्याच. म्हणाल्या, ओटीच्या बांगड्या आहेत, बाळ होईपर्यंत हातातून जायच्या नाहीत. नर्सनं कटर आणला तशा त्या दारात आडव्या उभ्या राहिल्या. शेवटी मला आत बोलावलं.

आधी तेल लावलं, मग साबण. एक बांगडी हाडापर्यंत आली आणि पोरगी कळवळली. निशा मॅडम माझ्या खांद्यावरून बघत होत्या. म्हणाल्या, काकी, एक ओरखडा नको, हिचं रक्त लवकर थांबणार नाही. माझ्या आयुष्यात मी हजारो हात भरले, पण कुणाच्या हातातली बांगडी मुद्दाम मोडायची वेळ आली नव्हती. आमच्या धंद्यात तो अपमान आहे. मी प्रतिभाकडं पाहिलं. तिच्या पापण्या जड झाल्या होत्या, तरी ती म्हणाली, "मावशी, तुमी करा. तुमच्या हातानं मले भेव नाही लागत."

ओल्या फडक्याची पट्टी बांगडी आणि कातडी यांच्यामध्ये सरकवली, वरून दुसरं फडकं, आणि पकडीनं एकेक दाबली. कट्ट असा बारीक आवाज यायचा आणि तुकडे फडक्यातच राहायचे. एकवीस वेळा. घाम माझ्या नाकावरून गळत होता. शेवटची निघाली तेव्हा हातावर लाल वळ होते, पण रक्ताचा थेंब नव्हता. फडक्याचं गाठोडं करून मी बाहेर आले आणि भिंतीला टेकून खालीच बसले.

आशाबाई समोर बसल्या होत्या, त्यांनी गाठोडं पाहिलं आणि डोळे मिटले. किरण खाली भाईदासपाशी होता, त्याला कळवायला हवं होतं; त्यानंच मघाशी सांगितलं होतं की आईला समजवा आणि बांगड्यांचं झालं की फोन करा. मी फोन लावला. त्यानं उचलला आणि श्वास रोखून म्हणाला, "हां मावशी?"

मी म्हटलं, "वाढल्या रे बाबा."

 तो म्हणाला, "सच्ची?" मी म्हटलं, खोटं कशाला बोलू, सगळ्या वाढल्या, एकही राहिली नाही. त्यानं फोन ठेवला. मला जरा विचित्र वाटलं, पण मी दमले होते.

वीस-पंचवीस मिनिटांनी किरण जिना चढून आला, हातात मावा जिलेबीचा पुडा. नर्सला दिली, वॉर्डबॉयला दिली, माझ्या तोंडात तर कोंबलीच. आशाबाईंच्या पाया पडला. आशाबाई त्याच्याकडं अशा बघत राहिल्या, जणू पोराच्या डोक्यावर परिणाम झालाय. तेवढ्यात निशा मॅडम कागद घेऊन बाहेर आल्या. म्हणाल्या, दुपारचा रिपोर्ट आला, बासष्ट हजार. भाईदासला लगेच आत पाठवा, रक्त घेऊन तपासायला वेळ लागतो.

किरणच्या हातातली जिलेबी पुड्यात परत पडली. "पण मावशी तर बोलल्या, वाढल्या म्हणून. मी त्याले घरी पाठवलं ना. बोललो आता काही टेन्शन नाही, तू जाय, तुही गाडी भर."

मला समजायला एक क्षण लागला. जिलेबी तोंडातच होती, गिळवेना. मी सांगू लागले की नाही रे, मी म्हणाले ते ते नाही, वाढल्या म्हणजे वाढल्या. तो म्हणाला तेच तर. मॅडम हिंदी मुलखातल्या, त्या आम्हा दोघांकडं आळीपाळीनं बघत होत्या. मी पुन्हा म्हटलं, हातातल्या वाढल्या. तो म्हणाला, हातातल्या रक्तातल्या ना? माझी जीभ तिथंच अडकत होती. अख्ख्या जन्माची सवय, ती काय एका मिनिटात सुटते. आत पोरगी पडली होती, रक्त देणारा माणूस रस्त्यावर होता, आणि मी एका शब्दाला सोवळ्यात ठेवून बसले होते. मला माझाच संताप आला.

"फुटल्या," मी ओरडले. "बांगड्या फुटल्या. मी फोडल्या, एकवीसच्या एकवीस. प्लेटलेट नाही वाढल्या."

 आशाबाईंचा हात माझ्या तोंडाकडं आला होता, तो अर्ध्यातच थांबला.

किरण भाईदासला फोन लावू लागला. वाजत होता, उचलत नव्हता; मोटारसायकलवर त्याला खिशातलं काय ऐकू येणार. निघून वीस मिनिटं झालेली. किरणला वाटलं तो निंबोल्याच्या पुढं गेला असणार, गाडी घेऊन मागं धावायचं तर घाटाच्या तोंडाशी गाठ पडली तर पडली. तो जिन्याकडं पळालाही. मी मात्र त्या हवेतल्या खरबुजाचा विचार करत होते. आणि मी दुकानात फोन लावला.

वर्षानं उचलला. मी विचारलं, एक दणकट माणूस आलाय का, बायकोच्या हाताचं माप बोटांनी दाखवणारा. वर्षा हळू आवाजात म्हणाली, आलाय ना आई, दहा मिनिटं झाली, डोकं खाल्लंय माझं, एकदा सव्वादोन म्हणतो, एकदा तीन म्हणतो, आता निघालाच आहे, म्हणतो पुढच्या वेळी बायकोलाच आणतो. मी म्हटलं, वर्षा, त्याला जाऊ देऊ नको. पाया पड, नाही तर गाडीची किल्ली काढून घे. प्रतिभाला रक्त पाहिजे. एवढं सांगितलं आणि फोन ठेवला.

ती पोरगी, जिला मी मनावर घेत नाही, तिनं काय केलं ठाऊक आहे? पाटावरून उतरली, दुकान तसंच उघडं टाकलं, आणि भाईदासच्या गाडीवर मागं बसली, वाट दाखवायला म्हणून नव्हे, तर तो मधे कुठं थांबू नये म्हणून. सात मिनिटांत दोघं दवाखान्यात. भाईदास धापा टाकत जिना चढला आणि मला म्हणाला, "मावशी, वाढल्या का न वाढल्या, एकदाचं पक्कं सांगा." मी म्हटलं, तू आधी आत जा.

साडेचारला प्रतिभाला आत नेलं. आशाबाई आणि मी एका बाकावर बसलो, मधे ते काचांचं गाठोडं. मी त्यांना म्हटलं, चूक माझी. त्यांनी गाठोड्याची सुटत आलेली गाठ आवळली. मला आयुष्यात एवढी भीती वाटली नव्हती, स्वतःच्या बाळंतपणातही नाही. तिथं निदान आपण काय करतोय ते आपल्याला ठाऊक असतं. इथं नुसतं दाराकडं बघायचं. आतून कुणी तरी पिशवी मागितली, मग थोड्या वेळानं दुसरीही मागितली. दुसरी पिशवी आत गेली तेव्हा आशाबाईंनी माझा हात धरला, कालच्यासारखाच.

साडेपाचला रडणं ऐकू आलं. सव्वादोन किलोची पोरगी. मी हसले की रडले मला आठवत नाही. सव्वादोन, अगदी आईच्या मापाची. निशा मॅडम बाहेर येऊन म्हणाल्या की रक्त जास्त गेलं, दुसरी पिशवी कामी आली, आता दोन-तीन दिवस नजर ठेवू. सूज म्हणजे पोरगा, हे आशाबाईंना आठवण करून द्यायचं माझ्या जिभेवर आलं होतं. पण त्या दिवशी माझ्या जिभेनं बरंच केलं होतं, म्हणून गप्प बसले.

चौथ्या दिवशी मी दुकानात असताना किरणचा फोन आला. तो म्हणाला, "मावशी, वाढल्या." माझ्या हातातल्या डझनभर बांगड्या तशाच राहिल्या. मी विचारलं, कोणत्या? तो हसायला लागला. म्हणाला, एक लाख चाळीस हजार. प्रेशर उतरलं, डोकं दुखायचं थांबलं, दोन-तीन दिवसांत सोडतील.

मी पेटी उचलली. वर्षा म्हणाली मीही येते, आणि या वेळी मी नाही म्हटलं नाही. भाईदासनं बांगड्या नेल्या होत्या त्याही तिनंच ठरवलेल्या मापाच्या, आणि त्या बसल्या म्हणे. दवाखान्यात प्रतिभा उशीला टेकून बसली होती. चेहऱ्याची सूज ओसरलेली, डोळे खोल, पण पुन्हा ओळखीचे. बाळ आशाबाईंच्या मांडीवर, मूठ तोंडात घालून. मी प्रतिभाचा हात हातात घेतला, अंगठ्यानं दाबला. खळगा पडला नाही. पुन्हा सव्वादोन.

हिरव्या बांगड्या भरायला घेतल्या. वळ अजून पिवळट दिसत होते, त्यावरून काच मी जपून, जरा तिरकी धरून नेत होते. तिसरी बांगडी हाडावरून सरकवताना कट्ट वाजलं आणि दोन तुकडे माझ्या मुठीत आले. तोच बारीक आवाज.  प्रतिभानं सासूकडं पाहिलं, वर्षानं माझ्याकडं. मी त्या दोन तुकड्यांकडं बघत होते, 'वाढली' असं जिभेवर आलंच होतं.

आशाबाईंनी बाळाच्या तोंडातली मूठ अलगद काढली. मान वर न करता म्हणाल्या, "फुटली. दुसरी भरा."